मीटर स्मार्ट झाला, घराचे काय?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नववीच्या मुलांना एक काम दिले होते. आठवडाभर घरातल्या वीज मीटरचा आकडा सकाळी 9 आणि संध्याकाळी 5 वाजता वहीत लिहायचा. शेजारच्या रकान्यात मधल्या वेळेत काय काय चालले, कोणी लावले आणि तेव्हाच का लावले, हेही लिहायचे.

वह्या आल्या तेव्हा आकड्यांपेक्षा हा शेजारचा रकानाच वाचण्यासारखा निघाला. "पंप अम्मीने फजरनंतर लावला, नळाला पाणी तेव्हाच येते." "इस्त्री गुरुवारी रात्री, सगळ्यांचे जुम्याचे कपडे." मासळी विकणाऱ्या घरातल्या एका मुलीने लिहिले होते, "अम्मी पहाटे बंदरावर जाते, परत येते तेव्हा 5 वाजून गेलेले असतात. दिवसा आमच्याकडे फक्त फ्रिज चालतो."

9 ते 5 ही वेळ आम्ही मुद्दाम निवडली होती. प्रीपेड स्मार्ट मीटरला 2024 मध्ये राज्यभर विरोध झाला, आणि सामान्य घरांना ते लावणार नाही असे सरकारने जाहीर केले. आता महावितरण जे टीओडी मीटर बसवते आहे, त्यांचे बिल पूर्वीसारखे महिन्याच्या शेवटी येते. पण कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद ते ठेवतात. असा मीटर असलेल्या घराला जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर सवलत आहे, सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे. कारण सरळ आहे. सौर वीज दिवसा भरपूर असते, मगरिबनंतर ती नसते आणि नेमकी तेव्हाच घरोघरी मागणी वाढते.

हिशेब करून पाहू. 1000 वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. रोजचे एक युनिट रात्रीचे दिवसावर आणले तर महिन्याला 24 रुपये वाचतील. ज्या घरात दिवसभर माणसे आहेत, त्यांना काहीच न करता सवलत मिळते. त्या मासळीवाल्या आईला काय मिळणार? फ्रिजपुरती.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात विजेची चर्चा काही नवी नाही. दाभोळचा एन्रॉन झाला, जयगडचा कोळशाचा 1200 मेगावॅटचा प्रकल्प झाला, जैतापूरच्या 9,900 मेगावॅटवर तर किती वर्षे वाद चालला. या सगळ्यात विचार झाला तो वीज तयार करण्याचा. घरातले बटण कोण दाबते, हे विचारायला क्वचितच कोणी आले. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने 2019 मध्ये महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या सुमारे 3000 घरांत जाऊन दिवे, पंखे, स्वयंपाकाचे इंधन यांची विचारपूस केली. काही घरांत मीटर बसवून मिनिटामिनिटाचा वापरही टिपला. असे काम जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवे, आणि त्यात पहिला प्रश्न बायकांना विचारला जावा. पाणी कधी येते, जेवण किती वेळा गरम करावे लागते, मुलांना कधी उठवायचे, यावर घरातली वीज चालते. रमजानमध्ये तर सगळे घड्याळच फिरते. सहरी आणि इफ्तार दोन्ही सवलतीच्या वेळेबाहेर. इफ्तारचे वाटण-घाटण दुपारी उरकता येईल, पण सहरीचे काय उरकणार?

इस्राफ आपल्याला मना आहे, हे वेगळे सांगायला नको. झोपताना दिवे विझवण्याची हदीस घरातल्या लहानांनाही पाठ असते. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी 30 ते 35, हे कळल्यावर आम्हीही आमच्या घरातले दोन पंखे बदलले. (तिसरा दादीच्या खोलीतला. त्याच्या आवाजाशिवाय तिला झोप येत नाही.) पण उधळपट्टी वेगळी आणि गरज वेगळी, हे मीटरला कसे कळणार?

आमच्या ओळखीच्या एका भाभीचे मियां कुवेतला असतात. वीज जोडणी त्यांच्या नावावर, ॲपही त्यांच्याच फोनमध्ये. एके दिवशी तिकडून फोन आला, "रात्री दोन वाजता घरात काय चाललं होतं?" सासूबाईंना दम्याची उबळ आली होती, वाफ द्यायला भाभीने इलेक्ट्रिक किटली लावली होती. तिने ते सांगितले, पण दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांच्या मागे टेहळणी करायला मनाई आहे. वेळेनिशी वापर दाखवणारा आकडा कोणाच्या हातात जावा, याचा विचार मीटर लावताना कोणी केला आहे का? संशोधन करणाऱ्यांनी आमच्या मते सर्वांत आधी हाच प्रश्न घ्यावा. बिल वाढले की बोट सुनेकडेच जाते, हे आपण सगळे जाणतो.

भाभीने आता ॲप स्वतःच्या फोनवर घेतले आहे. मियांनीच तसे करायला सांगितले.

येत्या रमजानमध्ये मुलांना पुन्हा वह्या लिहायला सांगणार आहोत. वाचक भगिनींनीही एक आठवडा लिहून पाठवावे: सहरीला काय लावले, कोणी लावले, आणि तेच दुपारी करता आले असते का.