फोनवरचे ‘बरी आहे’

परदेशी असलेल्या मुलांशी आपण फोनवर बोलतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बरी आहेस ना?’ त्या ‘ना’मध्येच उत्तर दडलेले असते. ऐकणाऱ्याने ‘हो’ म्हणावे आणि दोघांनीही निश्चिंत व्हावे, एवढीच त्या प्रश्नाची अपेक्षा.

माझी भाची जपानमधील एका लहान शहरात इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. परदेशी तरुणांना शाळांमध्ये भाषा शिकविण्यासाठी बोलावण्याची तेथील सरकारी योजना १९८७ पासून चालू आहे. आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईतली मुलगी जपानी मुलांना इंग्रजी शिकवते, याचे आमच्या घरात अजून नवल आहे. तिचा दिवस शाळेच्या दाराशी बूट काढून आतल्या वेगळ्या सपाता घालण्यापासून सुरू होतो. दुपारचे जेवण मुलांबरोबर वर्गातच. वाढणारीही मुलेच, डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क लावलेली. वर्ग झाडण्यापुसण्याचे कामही तीच करतात. ही मात्र घरून डबा नेते, कारण तिकडच्या साध्या भाजीच्या रश्श्यातही बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो.

तासाच्या आरंभी ती विचारते, ‘हाऊ आर यू?’ सगळा वर्ग एका सुरात उत्तरतो, ‘आय ॲम फाइन, थँक यू!’ एके दिवशी तापाने डोळे लाल झालेला एक मुलगाही त्याच सुरात ‘फाइन’ म्हणाला. तेव्हापासून तिच्या तासाला ‘फाइन’ या शब्दाला बंदी आहे. झोप येते, भूक लागली, घसा दुखतो, जे खरे असेल ते सांगायचे. प्रथम सारा वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, ‘स्लीपी’.

गेल्या पावसाळ्यात तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, न्हाणीघरात पडली आणि उजवे मनगट मोडले. लेकीला कळवायचे नाही, असे आम्ही ठरवले. मीही त्यात होते. एवढ्या लांबून ती निघणार, विमानाने मुंबईला उतरणार, मग परळी किंवा लातूरपर्यंत रेल्वे आणि पुढे एस.टी., कारण आमच्या गावाला अजून रेल्वे नाही. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. ती शाळेतून घरी आली की इथे दुपारचे दोन वाजलेले असतात. बारा दिवस आम्ही त्या वेळी ‘नेटवर्क नाही’ म्हणून चेहरा दाखवणे टाळले. तेराव्या दिवशी ताईने कॅमेरा चालू केला, हात पदराखाली घेऊन. लेकीने पाहिले आणि विचारले, ‘आई, तुझी वेणी कुणी घातली?’

पुढचे सांगायला नको. मात्र ती रागावली नाही, रडलीही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, मागच्या थंडीत मीही चार दिवस तापाने एकटी पडून होते आणि तुम्हाला ‘मजेत’ म्हणून सांगत होते.

मला आजही बोचते ते वेगळेच. रक्तदाबाची गोळी बदलल्यापासून उठताना भोवळ येते, हे ताईला महिनाभर ठाऊक होते. पण आम्ही तिला ‘बरी आहेस ना?’ एवढेच विचारत होतो. पडल्यानंतर डॉक्टरांनी मात्रा कमी केली. अंथरुणावरून एकदम न उठता दोन मिनिटे काठावर बसण्यास सांगितले.

आता लेकीचे प्रश्न बदलले आहेत. रात्री किती वेळा उठलीस? सकाळपासून काय खाल्लेस? पाकिटात किती गोळ्या उरल्या? कॅमेरा जरा पायांकडे ने, सूज पाहू दे. आपल्या घरी शुश्रूषा करणाऱ्यांनीही असेच विचारावे. ज्याचे उत्तर ‘हो’ने भागत नाही, असा प्रश्न कामाचा. भोवळीसारखे काही निघाले, तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना कळवावे.

येत्या वसंतात ताई तिकडे जाणार आहे. आपल्यापैकी कुणी जाणार असेल, तर एक सूचना : डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे जपानमध्ये साधारणपणे एका महिन्यापुरतीच नेता येतात, अधिक न्यायची तर आधी परवानगी लागते. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधांवर तेथे कडक बंधने आहेत. म्हणून चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी.

काल दोन वाजता फोन आला. ताई म्हणाली, ‘मनगट आखडलंय, आणि आज पोळ्या जाड झाल्या.’ पलीकडून उत्तर आले, ‘मी फार दमलेय, आई. भूकही लागलीय. भात लावलाय, शिजेपर्यंत बोल.’