एक रुपयात थंड हवा!

आपल्या कॉलेजात दोन गोष्टींना मरण नाही. एक म्हणजे जीटी आणि दुसरी ‘रीडिंग मॅनेज करणे’. काचेखाली बल्ब लावून सिनिअरची शीट उतरवायची, आणि प्रॅक्टिकलला आधी ग्राफ काढून मग त्यावरून रीडिंग भरायची! ही थोर परंपरा सबमिशनपुरती राहिली असती तर मी लिहायला बसलो नसतो. पण यंदा ती वर्कशॉपमध्ये, आमच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीत शिरू पाहतेय. म्हणून हा प्रपंच.

गोष्ट तशी छोटी. गाडीला बाइकचं इंजिन आहे. नियमानुसार सगळी हवा २० मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधूनच आत जायला हवी, म्हणून मूळ एअरबॉक्स काढून आपला इनटेक बनवावा लागतो. एअरबॉक्स गेला आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा सेन्सरही त्याच्याबरोबर गेला. नव्या प्लेनममध्ये त्याला जागाच ठेवलेली नाही. यावर टीममधून सूचना आली, “भोक पाडत कशाला बसायचं? त्या दोन वायरींमध्ये एक रुपयाचा रेझिस्टर टाक. ईसीयूला कायम २५ डिग्री दिसेल. विषय संपला!”

माझ्या मते विषय इथूनच सुरू होतो.

हा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. हवा तापली की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. प्रेशर आणि तापमान या दोन आकड्यांवरून ईसीयू सिलेंडरमध्ये किती हवा गेली याचा हिशोब करतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. फर्स्ट इयरचं गणित आहे: ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन, ६० अंश म्हणजे ३३३. त्याच प्रेशरला हवेची घनता ९ टक्क्यांनी कमी! ईसीयूला हे कळलंच नाही, तर तो थंड हवेच्या हिशोबाने पेट्रोल ओतत राहणार आणि गाडी रिच चालणार. त्याहून वाईट म्हणजे, हवा गरम असताना नॉकिंग टाळायला ईसीयू इग्निशन मागे घेतो. रेझिस्टर लावला की हे संरक्षणच गेलं. ईसीयू थंड समजुतीत आणि पिस्टन आगीत!

गंमत म्हणजे हाच रेझिस्टर रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ‘पॉवर चिप’ म्हणून चकचकीत डबीत विकला जातो. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी नेहमीच्या वेगात ते जादा पेट्रोल पुन्हा कमी करून टाकते. म्हणजे ताकद नाही ती नाहीच, खिसा तेवढा हलका.

पण नुसता सेन्सर लावला म्हणजे झालं असंही नाही. सोयीची जागा असते सिलेंडर हेडजवळ, ॲल्युमिनियममध्ये. तिथे तो हवेऐवजी धातूचं तापमान सांगतो. थंड हवेला गरम समजून ईसीयू पेट्रोल कापतो आणि मिश्रण लीन होतं. म्हणून टोक हवेच्या वाटेत असावं, हेडपासून लांब असावं, शक्यतो प्लास्टिक किंवा फायबरमध्ये बसवलेलं असावं. उघड्या टोकाचा सेन्सर घ्या, पितळी टोपीवाला फार सुस्त असतो. ग्राउंडची वायर चेसिसला नको, ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच न्या. आणि टेबल त्याच सेन्सरचं भरा. २० अंशाला बॉशचा नेहमीचा सेन्सर साधारण अडीच किलोओहम दाखवतो, जीएमचा साडेतीन. टेबल चुकलं की सात-एक अंशांची थाप पहिल्याच दिवशी!

तपासायला लॅबही लागत नाही. कॅन्टीनमधला बर्फ आणि उकळतं पाणी पुरे. (पाणी रूमवर कसं उकळायचं हे मी इथे लिहिणार नाही, हे पान रेक्टर सरही वाचतात.) मग गाडी चांगली तापवा, दहा मिनिटं बंद ठेवा, पुन्हा चालवा आणि लॉग बघा. आकडा चटकन खाली आला तर जागा बरोबर. वरच रेंगाळला तर जागा बदला.

सरांनाही एक विनंती. जर्नलमध्ये सरळ रेषेवर बसलेले आठही बिंदू दिसले की सही मिळते. एक बिंदू बाहेर गेला की “पुन्हा काढून आण” असं ऐकावं लागतं. मग आम्ही तो आत आणतो! त्या चुकार बिंदूचं कारण शोधणाऱ्याला एखादा मार्क जास्त दिलात, तर वर्कशॉपमध्ये रेझिस्टर सुचवायची बुद्धीच कुणाला होणार नाही.

शेवटी, ही गाडी आपली एकट्यांची नाही. पुढच्या वर्षी हीच वायरिंग ज्युनिअर्सच्या हातात जाणार आहे. टेपखाली गुंडाळलेला रेझिस्टर त्यांना दिसणारही नाही. मे महिन्याच्या उन्हात गाडी का चालत नाही म्हणून ते बिचारे रात्र-रात्र जागतील, आणि ईसीयू शांतपणे २५ डिग्री दाखवत असेल. तेव्हा मित्रांनो, प्लेनमला भोक पाडा, सेन्सर बसवा, आणि कुठला सेन्सर, कुठलं टेबल हे ड्रॉइंगवर लिहून ठेवा. त्या शीटची ज्युनिअर्सनी खुशाल जीटी मारावी!