नवकारशी, चौविहार आणि थायरॉइडची गोळी

सुनेला दिवस राहिल्याची वार्ता आली की घरात आनंदाबरोबर सूचनांचाही वर्षाव होतो. त्यांतील एक मात्र घातक आहे : “आता औषधे नकोत, बाळाला बाधतील.” थायरॉइडच्या गोळीस हा न्याय लावू नये. लेव्होथायरॉक्सिन हे परके द्रव्य नव्हे; शरीर स्वतः निर्माण करते तेच ते संप्रेरक. पहिले सुमारे १२ आठवडे गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते आणि त्याच्या मेंदूची घडण आईच्या संप्रेरकावरच चालते. गोळी बंद केल्यास गर्भपाताचा आणि अकाली प्रसूतीचा धोकाही वाढतो.

उलट या काळात संप्रेरकाची गरज पाव ते निम्म्याने वाढते, आणि तीही चौथ्या-सहाव्या आठवड्यापासूनच. म्हणून पहिल्या सोनोग्राफीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मात्रा त्यांनीच ठरवावी. पुढे गर्भारपणाच्या मध्यापर्यंत साधारण दर ४ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. गोळी चालू असलेल्या स्त्रीत तो २.५ च्या खाली राखण्याचा प्रयत्न असतो.

आता आपल्या घरांतील खरी अडचण. गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावयाची, नंतर अर्धा ते एक तास दूध-चहा वर्ज्य. आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून किमान ४ तासांचे अंतर, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. चौविहारामुळे दिवस आधीच आखूड. तरीही वेळा बसतात. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमारास धरला, तर ४८ मिनिटांनी नवकारशी पारताच उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी, न्याहारी पावणेनऊनंतर, लोह दुपारी साडेबाराच्या जेवणानंतर आणि कॅल्शियम सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर.

मिठाकडेही पाहावे. आयंबील-उपवासाचे सैंधव आता अनेक घरांत रोजच्या आमटीतही पडू लागले आहे. त्यात आयोडीन नगण्य असते. गर्भवतीस दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. मासे-अंडी आपल्या ताटात नाहीत, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ आणि दूध-दही हेच मुख्य आधार.

गोळी प्राणिज आहे काय, ही शंका रास्तच आहे. पूर्वी प्राण्यांच्या वाळवलेल्या ग्रंथींची भुकटी देत असत. १९२७ मध्ये थायरॉक्सिन प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि आजचे लेव्होथायरॉक्सिन रासायनिक कृतीनेच बनते.

पर्युषणात गर्भवतीने अठ्ठाईचा आग्रह धरू नये, आणि सासूबाईंनी तर मुळीच नाही. पच्चक्खाणास आगार असतात, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. शिवाय दुसऱ्याच्या तपाची अनुमोदना तिला मोकळीच आहे.

प्रसूतीनंतर मात्रा बहुधा पूर्ववत होते. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. बाळ दोन-तीन दिवसांचे असताना टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन त्याचाही टीएसएच पाहता येतो. रुग्णालयातून निघण्यापूर्वी ती तपासणी झाली की नाही, हे विचारून घ्यावे.