कायदा आणि आपले घर : बिल थकले तरी मुदत थांबत नाही



या महिन्यात एका भगिनीचे पत्र घेतले आहे. त्या लिहितात, "माझे शौहर लहान कंत्राटदार आहेत. एका सरकारी खात्यासाठी त्यांनी दोन खोल्या बांधल्या. साहेबांनी तोंडी सांगितले म्हणून कुंपणही घातले. काम होऊन सव्वादोन वर्षे झाली. 9 लाखांचे बिल अडकले आहे. मजुरांचे पैसे माझे दागिने गहाण ठेवून दिले. साहेब म्हणतात, निधी आला की देऊ. कोर्टात गेलो तर पुढचे काम मिळणार नाही, अशी यांना भीती वाटते. काय करावे?"

बहेन, आधी तारीख पाहा. करारात पैसे देण्याची वेळ ठरलेली नसेल, तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा काम झाल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. म्हणजे तुमच्या हाती साधारण 9 महिने आहेत. "देऊ, देऊ" या तोंडी शब्दांनी ही मुदत वाढत नाही. तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनीही वाढत नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी खात्याने सहीनिशी देणे कबूल केले, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. म्हणून थकबाकीचे लेखी उत्तर मागा.

दुसरे, माहिती अधिकारात अर्ज करून मोजमाप पुस्तकाच्या (एम.बी.) नोंदी, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि बिलाच्या फाईलवरील शेरे यांच्या प्रती घ्या. पुढे दाव्याचा आधार हीच कागदपत्रे असतात.

कुंपणाचे काम तोंडी झाले म्हणून ते बुडालेच असे समजू नका. 1944 साली बंगालमध्ये बी. के. मंडल अँड सन्स या कंत्राटदाराने नागरी पुरवठा खात्यासाठी आरामबाग व खानाकुल येथे बांधकामे केली. घटनात्मक रीतीने करार झालेलाच नव्हता, म्हणून सरकारने बिल नाकारले. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटदाराच्या बाजूने निकाल दिला. काम फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि सरकारने ते स्वीकारून त्याचा लाभ घेतला, तर करार कायद्याच्या कलम 70 प्रमाणे मोबदला द्यावा लागतो, असा त्याचा आधार होता. मात्र काम स्वीकारले गेले, हे तुम्हाला सिद्ध करावे लागेल. कुंपणाचे फोटो आणि साहेबांचे मेसेज जपून ठेवा.

आता करार वाचा. त्यात वरिष्ठ अभियंत्यांकडे दाद मागण्याची किंवा लवादाची अट असेल, तर तिची मुदत पाळा. राज्य सरकारवर दिवाणी दावा करण्यापूर्वी साधारणतः कलम 80 ची 2 महिन्यांची नोटीस लागते. जिल्हा परिषद, नगरपालिका यांचे नियम वेगळे आहेत. रक्कम खात्यालाच मान्य असेल, तर उच्च न्यायालयात रिट अर्जाचा विचार करता येतो. मोजमापावरच वाद असेल, तर न्यायालय बहुधा दिवाणी दाव्याकडे पाठवते.

राहिली भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण नोटीस देणे म्हणजे भांडण नव्हे. पुढचे काम मिळेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. 9 महिने असेच गेले, तर केलेल्या कामाचा दावा मात्र मुदतबाह्य होईल. या आठवड्यात सगळे कागद एका फाईलमध्ये लावा आणि दोघे मिळून वकिलांकडे जा.