टाक्यांचा हिशेब

हातांनी करावयाचे काम म्हणजे बुद्धीला विश्रांती, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. मुलगा गणिते सोडवीत बसला, तर घरातील माणसे हळू आवाजात बोलतात. मुलगी क्रोशाची सुई घेऊन बसली, तर तिला कोणीही सहज हाक मारून उठवितो. पहिले काम अभ्यासाचे आणि दुसरे फावल्या वेळाचे, असे आपण विचार न करताच ठरवून टाकलेले असते. माझ्या मते हा समज चुकीचा आहे. इतकेच नव्हे, तर तो अन्यायाचाही आहे.

क्रोशाकामाची साधने ती किती! टोकाला आकडा असलेली एक सुई आणि एक अखंड दोरा. दोऱ्याच्या एका फासातून दुसरा फास ओढून काढला, की साखळीचा एक टाका होतो. सुईला दोऱ्याचा वेढा देऊन टाका उंच केला, की त्याला खांब म्हणतात. साखळी, आखूड टाका आणि खांब या तिघांच्या बळावर रुमालापासून तोरणापर्यंत नाना वस्तू तयार होतात.

शिंपल्याच्या नक्षीचेच उदाहरण घ्या. पायाच्या साखळीवर प्रथम एक आखूड टाका घालावा. मग साखळीची दोन घरे सोडून तिसऱ्या घरात पाच खांब एकत्र घालावेत. पुन्हा दोन घरे सोडून पुढील घरात आखूड टाका घालावा. ते पाच खांब पंख्यासारखे पसरतात आणि शिंपला उमटतो. आता हिशेब पाहा. पायाची सहा घरे खर्ची पडली आणि पाच खांब व एक आखूड टाका मिळून सहाच टाके जमा झाले. जमाखर्च जुळला, म्हणून विणकाम सपाट राहते.

हीच नक्षी अधिक जाळीदार करावयाची असेल, तर पाच खांबांच्या जागी तीनच खांब घालावेत आणि त्यांच्यामध्ये एकेक साखळी सोडावी. तीन खांब आणि दोन साखळ्या मिळून पुन्हा पाचच होतात. हिशेब मोडला नाही. पण शिंपल्यातून प्रकाश झिरपू लागला. याउलट, पाचाऐवजी सात खांब घातले, तर सहा घरांवर आठ टाके येऊन बसतात आणि काठ लाटेसारखा मुरडतो. रुमालात हा दोष ठरतो; झबल्याच्या झालरीत मात्र हीच शोभा ठरते. नक्षी बदलणारीला आपण काय बदलले आणि त्यामुळे पुढे काय होणार, हे ठाऊक असले पाहिजे. याला बुद्धीचे काम म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

शिकणाऱ्यांत दोन प्रकार आढळतात. काहीजण शिकविलेल्या नमुन्याबाहेर पाऊलच टाकीत नाहीत. काहीजण नमुना हाती बसण्यापूर्वीच त्यात फेरफार करू लागतात आणि दोऱ्याचा गुंता करून बसतात. पहिल्यांचे काम नीटनेटके असते, पण त्यांचे स्वतःचे नसते. दुसऱ्यांचे काम स्वतःचे असते, पण ते टिकत नाही. आधी अनुकरण आणि मग बदल, हाच खरा क्रम होय. आयर्लंडमधील स्त्रियांनी हेच केले. १८४५ साली तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. त्या काळात अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने चार घास मिळवून दिले. व्हेनिसच्या सुईकामाच्या लेसचे अनुकरण करता करता त्या स्त्रियांनी गुलाब, पाने यांसारख्या आकृत्या सुट्या विणून जाळीने जोडण्याची पद्धत रूढ केली. आज ती लेस त्यांच्या देशाच्या नावानेच ओळखली जाते.

या कामाने विद्वानांनाही साहाय्य केले आहे. भूमितीत एक असा पृष्ठभाग कल्पिलेला आहे, की जो सर्वत्र मुरडत आणि विस्तारत जातो. त्याच्या कागदी प्रतिकृती हाताळताना फाटत. १९९७ साली डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात तो क्रोशाने विणून दाखविला. त्यांची युक्ती साधी होती. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवावयाचा आणि हा नेम शेवटपर्यंत पाळावयाचा. झालरीचा जो नियम कित्येक आजीबाईंच्या बोटांना ठाऊक होता, तोच विद्यापीठाच्या वर्गात उपयोगी पडला.

कोणी म्हणेल, यंत्रावरची लेस स्वस्त मिळत असता हा खटाटोप कशाला? स्वस्ताईची गोष्ट खरी आहे. परंतु ज्या कामाला आपण काम मानीत नाही, त्याचे मोलही आपण देत नाही, हा धोका त्याहून मोठा आहे. आंध्र प्रदेशातील नरसापूर आणि आसपासच्या गावांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्यांच्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसाचे कित्येक तास राबूनही या स्त्रियांच्या हाती फार थोडे पैसे पडत, कारण त्यांना कारागीर न समजता घरी बसलेल्या गृहिणी समजले जाई, असे त्यांनी दाखवून दिले. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मान मिळाला, हे चांगले झाले. तो मान विणणाऱ्या हातांपर्यंतही पोचला पाहिजे.

म्हणून मुलांनो आणि मुलींनो, तुम्ही दोघांनीही एकदा क्रोशाची सुई हाती घ्यावी. एक नमुना अचूक विणावा आणि मग त्यात एकच टाका विचारपूर्वक बदलून पाहावा. एवढे केलेत, म्हणजे पुढे कोणाच्या हातचा रुमाल विकत घेताना त्याची किंमत पाडून मागण्यास तुमची जीभ सहजासहजी उचलणार नाही.