राजीनामा घेतला की विषय संपतो?

हैतीत जानेवारी २०१०मध्ये भूकंप झाला. तिथे मदतीला गेलेल्या ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी संस्थेने दिलेल्या निवासातच पैसे देऊन बायका आणल्याचे २०११च्या अंतर्गत चौकशीत निघाले. चौघांना काढले, तिघांनी राजीनामे दिले. त्यांत हैतीतले प्रमुखही होते. चौकशीला सहकार्य केले म्हणून त्यांना सन्मानाने जाऊ दिले आणि पुढे ते बांगलादेशात दुसऱ्या मदतसंस्थेचे प्रमुख झाले. ऑक्सफॅमने आपल्याला सावध केले नव्हते, असे त्या संस्थेने २०१८मध्ये, ‘द टाइम्स’ने प्रकरण बाहेर काढल्यावर सांगितले. गैरवर्तन करणारी माणसे कुठल्याही क्षेत्रात सापडतील. मदतकार्यात ती गुपचूप पुढच्या देशात जाऊ शकतात, आणि बंदोबस्त व्हायला हवा तो याचा.

नियम नव्हते असे नाही. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनच्या निर्वासित छावण्यांत मदतीच्या मोबदल्यात मुलींचे शोषण होत असल्याचे २००२मध्ये उघड झाले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी पैसा, नोकरी किंवा मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध ठेवण्यावर स्पष्ट बंदी घातली. तरी काँगोतल्या इबोलाच्या साथीत तेच घडले. २०२१मध्ये स्वतंत्र आयोगाने ८३ संशयित नोंदवले. त्यांतले २१ जण जागतिक आरोग्य संघटनेचे. एका तक्रारीची तर चौकशीच झाली नव्हती, कारण ती बाई कागदोपत्री मदतीची ‘लाभार्थी’ नव्हती! कामावर कुणाला घ्यायचे हे ज्याच्या हातात, त्याच्यापुढे काम मागणाऱ्या बाईच्या संमतीला कितीसा अर्थ उरतो?

असली प्रकरणे चव्हाट्यावर आणली तर देणग्या आटतील आणि भोगावे लागेल ते संकटग्रस्तांनाच, ही भीती खोटी नाही. २०१८मध्ये अवघ्या दहा दिवसांत ऑक्सफॅमचे सुमारे ७,००० नियमित देणगीदार गेले. पण २०११मध्येच सगळे सांगितले असते, तर निदान लपवाछपवीचा ठपका टळला असता. नुसत्या आरोपावरून कुणाला आयुष्यातून उठवायचे का, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तसे करू नयेच. २०१९पासून काही संस्थांनी स्वीकारलेल्या पद्धतीत नवी संस्था उमेदवाराच्या जुन्या संस्थांकडे विचारणा करते, आणि चौकशीत सिद्ध झालेले गैरवर्तन त्यांनी कळवायचे असते. ही पद्धत ऐच्छिक आहे, ही एक उणीव. दुसरी अशी की चौकशी संपण्याआधीच राजीनामा दिला आणि ती तिथेच थांबली, तर सिद्ध काहीच होत नाही. म्हणून राजीनाम्यानंतरही चौकशी तडीस नेणे आणि तिचा निष्कर्ष पुढच्या संस्थेला कळवणे, या दोन्ही अटी निधी देणाऱ्या सरकारांनी अनुदानाला जोडाव्यात. तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या एवढ्यावरून कुणाचा निधी कापू नये. वर्षानुवर्षे एकही तक्रार न दाखवणाऱ्या संस्थेचे दप्तर मात्र जरूर तपासावे.