त्रसरेणू आणि निर्धूळ कक्ष



गेल्या हिवाळ्यात काशीस जाण्याचा योग आला. एका पहाटे बालाजी घाटाच्या पायऱ्या चढून वर गेलो. हा घाट मराठी माणसास परका नाही. पेशव्यांच्या नावाशी तो निगडित आहे. जवळच जटार घाट आहे आणि थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. येथल्याच बालाजीच्या मंदिरात बिस्मिल्लाखाँ सनईचा रियाज करीत असत. गंगेपलीकडून सूर्य वर आला आणि एका जुन्या वाड्याच्या जाळीतून उन्हाची तिरीप अंधाऱ्या ओसरीवर पडली. त्या तिरिपेत असंख्य कण तरंगत होते. तिरिपेबाहेरची हवा मात्र अगदी निर्मळ भासत होती. वस्तुतः दोन्हीकडची हवा एकच!

आपल्या पूर्वजांनी या कणाला त्रसरेणू हे नाव दिले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मापांची गणना येथूनच सुरू होते. जाळीतून आलेल्या उन्हात दिसणारा धूलिकण हे पहिले माप. असे आठ कण मिळून एक लिक्षा. डोळ्याला दिसणाऱ्या सृष्टीची ती सीमा होती.

काशीहून परतलो तो मेजावर भाषांतरासाठी एक लेख येऊन पडलेला. विषय होता सेमीकंडक्टर चिप तयार करण्याचा कारखाना, आणि पहिल्याच ओळीत शब्द होता ‘क्लीनरूम’. मी ‘स्वच्छ खोली’ असे लिहिले आणि थबकलो. दिवाळीपूर्वी आपल्या घरी होते तीही स्वच्छ खोलीच. मग ही खोली कोणत्या अर्थाने स्वच्छ? शब्द निवडण्यासाठी वस्तू समजून घेणे भाग पडले. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम आकारमान पाहू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत ज्या चिप्स तयार होतात, त्यांतील सूक्ष्म रचनेचे माप ०.१८ मायक्रॉन आहे. आजच्या प्रगत चिप्सचे तर त्याहून कितीतरी लहान. अशा नक्षीवर अर्धा मायक्रॉनचा कण पडला, तर रांगोळीच्या रेघांवर दगड पडावा तसा प्रकार होतो. एका तबकडीवर शेकडो चिप्स असतात आणि तिच्यावर शेकडो संस्कार व्हावयाचे असतात. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी धूळ बसत गेली, तर अखेरीस हाती फारसे काही उरणार नाही.

ही धूळ दूर कशी ठेवावी? १९६० पर्यंतची समजूत गृहिणीच्या समजुतीसारखीच होती: खोली बंद करावी, पुसावी, झाडावी, यंत्राने धूळ शोषून घ्यावी. तरीही कणांची संख्या पुरेशी घटत नसे. त्या वर्षी अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतील पदार्थवैज्ञानिक विलिस व्हिटफील्ड यांनी प्रश्नच उलटा केला. धूळ साचल्यावर काढण्यापेक्षा तिला बसूच देऊ नये. छतातील गाळण्यांतून शुद्ध हवा सतत सरळ खाली येऊ द्यावी आणि जाळीदार जमिनीतून बाहेर न्यावी, म्हणजे उडालेला कण भोवऱ्यात न फिरता हवेबरोबर निघून जातो. वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून किंचित कमी. रमतगमत चालणारा माणूसही याहून वेगाने जातो. त्यांची खोली त्या काळच्या उत्तमोत्तम खोल्यांपेक्षा हजारपटीहून अधिक निर्धूळ ठरली. आजही चिपचे कारखाने याच तत्त्वावर उभे आहेत. शिवाय आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा अधिक ठेवतात. त्यामुळे दार उघडले तरी वारा आतून बाहेर वाहतो, बाहेरची धूळ आत शिरत नाही.

छतातील गाळणी मोठी मनोरंजक आहे. ती काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या घडीदार कागदाची असते. दुसऱ्या महायुद्धातील अणुबाँबच्या कार्यक्रमात किरणोत्सर्गी धूळ अडविण्यासाठी अशा गाळण्यांचा विकास झाला. ०.३ मायक्रॉनच्या १०,००० कणांपैकी ९,९९७ कण ती अडविते. आपणांस वाटेल, हे म्हणजे वस्त्रगाळ चूर्णासारखे: भोके लहान, म्हणून मोठे कण अडले. तसे नव्हे. तंतूंमधली मोकळी जागा कणापेक्षा मोठीच असते. हवा तंतूला वळसा घालून जाते. जड कणाला ते वळण साधत नाही आणि तो तंतूवर आदळून चिकटतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखा कोठेतरी अडकतोच. निसटण्यात सर्वांत पटाईत असतो तो मधला, फार जड नाही आणि फार हलकाही नाही असा. म्हणूनच गाळणीची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर घेतात.

आणि या खोलीत कण मोजतात कसे? प्रकाशाची तिरीप सोडून! कण तिच्यातून जाताना प्रकाश विखुरतो आणि यंत्र त्याची नोंद घेते. बालाजी घाटावरच्या जाळीचे काम येथे लेसर करतो. ‘वर्ग ५’ या आंतरराष्ट्रीय श्रेणीच्या कक्षात, एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन वा त्याहून मोठे असे ३,५२० पेक्षा अधिक कण चालत नाहीत. साध्या खोलीच्या जवळ जाणाऱ्या नवव्या वर्गात हीच मर्यादा ३ कोटी ५२ लाख आहे.

एवढे करूनही आत धूळ येतेच. कोण आणते? माणूस. स्वस्थ बसलेला माणूसदेखील मिनिटाला लाखभर सूक्ष्म कण सोडतो असा अंदाज आहे. चालू लागला की ही संख्या अनेक पटींनी वाढते. त्वचेचे कण, केस, कपड्यांचे तंतू, बोलताना उडणारे तुषार. म्हणून पायापासून डोक्यापर्यंत झाकणारा पोशाख, मुखपट्टी आणि हातमोजे घालावे लागतात. पावडर, काजळ आदी प्रसाधने वर्ज्य. साधा कागद आणि पेन्सिल वर्ज्य. धावणे वर्ज्य. घामातील मिठाचाही धाक असतो, कारण त्यातील सोडियम चिपच्या आतील पातळ थरात शिरून तिचे वर्तन बिघडवितो. पवई येथील आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी शिकतात, तेव्हा यंत्राला हात लावण्यापूर्वी हा आचारधर्म अंगी बाणवावा लागतो. सोवळ्याची सवय असलेल्या आजीला यात नवल वाटणार नाही!

येथवर वाचून आपण म्हणाल, याहून शुद्ध हवा जगात कोठे मिळणार? मलाही तसेच वाटले. परंतु पुढे जे वाचले त्याने मी गंभीर झालो.

धुळीची गाळणी कण अडविते, वाफ अडवीत नाही. चिप घडविताना नाना प्रकारची द्रावके, आम्ले आणि वायू वापरावे लागतात. कक्षातील हवा, खर्च वाचावा म्हणून, बरीचशी पुन्हा पुन्हा त्याच गाळण्यांतून फिरविली जाते. यंत्रांवर वायू ओढून घेणाऱ्या वेगळ्या नळ्या नीट नसतील, तर ती वाफ माणसाच्या श्वासात जाते. अब्जात काही भाग इतका अमोनिया हवेत असला तरी चिपवरची नक्षी बिघडते, हे १९९० च्या सुमारास लक्षात आले आणि चिपच्या रक्षणासाठी रासायनिक गाळण्या आल्या. माणसाच्या रक्षणाचा प्रश्न मात्र अनेक ठिकाणी मागे राहिला. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या कारखान्यात काम केलेली ह्वांग यू-मी ही तरुणी २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारली. तिच्या वडिलांनी दीर्घ लढा दिला. तिचा आजार कामाशी निगडित असल्याचे तेथील न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले, आणि आरोग्याच्या धोक्यांची पुरेशी काळजी घेतली गेली नाही म्हणून २०१८ मध्ये कंपनीने जाहीर क्षमा मागितली.

हे आपणांस सांगण्याचे कारण आहे. गुजरातेत धोलेरा येथे मोठ्या चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. साणंद आणि आसाम येथेही चिप उद्योगाचे प्रकल्प हाती घेतले गेले. आपल्यापैकी कोणाची मुलगी किंवा पुतण्या उद्या तो पांढरा पोशाख चढवील. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण नेमणुकीचे पत्र हाती येताच पगाराबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: कोणती रसायने हाताळावयाची आहेत? वायू ओढून नेण्याची व्यवस्था किती दिवसांनी तपासली जाते? आरोग्यतपासणीचा अहवाल कामगाराच्या हाती दिला जातो काय? हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

अखेर शब्दाचे ठरले. ‘स्वच्छ खोली’ खोडून मी ‘निर्धूळ कक्ष’ असे लिहिले. त्या हवेत धूळ नाही एवढेच त्या शब्दाने खात्रीने सांगता येते. स्वच्छ म्हणताना ‘कोणासाठी’ हे विचारावे लागते. त्या कक्षाची सारी रचना प्रथम तबकडीसाठी असते, तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी नव्हे.

आणि माणसासाठी? बालाजी घाटावरची ती तिरीप पुन्हा आठवते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारावयाची ठरली, त्यांत वाराणसीचे नाव आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांचीही आहेत. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. ते मोजता येतात आणि गाळताही येतात, हे त्या कक्षांनी सिद्ध केले आहे. सिलिकनच्या तबकडीसाठी आपण जे मोजमाप ठेवतो, ते घाटावर स्नानाला आलेल्या लेकरासाठीही ठेवावे, एवढीच अपेक्षा.